डावा बूट

सतराव्यांदा प्लेटचं झाकण उघडलं आणि सतराव्यांदा काहीही झालेलं नव्हतं. जंतू मस्त काठापर्यंत पसरलेले, दुधावर साय धरावी तसे. आणि मधोमध माझ्या एकेचाळीस नंबरच्या तीन चकत्या, नुसत्या शोभेला बसलेल्या.

"मेल्यांनो, काहीतरी करा की!" मी ओरडले. काचसामान धुणाऱ्या मावशींनी दारातून डोकावून पाहिलं आणि निमूटपणे डोकं मागे घेतलं. त्यांना सवय आहे.

आमचं काम काय ते सांगते, म्हणजे माझा त्रागा कळेल. आम्ही नवीन अँटिबायोटिक शोधतो. जुनी औषधं जंतूंना आता पचायला लागलीत. म्हणून जिथे कुणी जगू नये तिथे जगणारे सूक्ष्मजीव आणायचे, कधी उकळत्या झऱ्यातले, कधी बर्फाखालचे, कधी नुसत्या मिठातले. अशा जागी खायला कमी, त्यामुळे एकमेकांना मारायची विषं ते बनवत असतील, अशी आशा. त्यांना प्लेटवर वाढवायचं, त्या प्लेटमधून शर्टाच्या बटणाएवढी चकती कापायची आणि रोगजंतूंच्या प्लेटवर ठेवायची. भोवतीचे जंतू मेले तर चकतीभोवती स्वच्छ रिंगण दिसतं. नाही दिसलं तर प्लेट टाकायची आणि पुढची घ्यायची. बावीस वर्षं मी हे करतेय. रिंगणं किती मिळाली ते विचारू नका.

एकेचाळीस नंबरच्या सूक्ष्मजीवाला मिळालं होतं. दोन वर्षांपूर्वी, एकदाच, चांगलं नखाएवढं रुंद. आणि कुठल्या जंतूवर? माझ्या दादाच्या पायातल्या.

दादा मिठाच्या खाणीत पंप चालवायचा. सगळ्यात खालच्या बोगद्यातल्या भिंतीवरचं मीठ खरवडून त्यानेच मला डब्यातून आणून दिलं होतं. त्यातूनच एकेचाळीस निघाला. डबा दिला त्याच्या पुढच्याच आठवड्यात त्याच्या डाव्या पायावर लोखंडी पत्रा पडला. जखम साधी होती, पण तिच्यात शिरलेला जंतू साधा नव्हता. एकाही औषधाला दाद देईना. शेवटी पाय गुडघ्याखाली कापावा लागला. हॉस्पिटलने तो जंतू तपासणीसाठी आमच्याकडे पाठवला. दादा त्याला 'जावई' म्हणतो. आला की जायचं नाव घेत नाही आणि वर त्याचेच लाड पुरवायचे. आता त्याच पायाच्या उरलेल्या खुंटावर जखम पुन्हा उघडलीय, आणि आत जावईच आहे. एकच औषध थोडंफार लागू पडतंय, पण त्याने दादाची मूत्रपिंडं थकत चाललीत.

दर रविवारी मी गेले की दादा विचारतो, "काय म्हणतोय एकेचाळीस?" आणि मी दर रविवारी म्हणते, "होईल रे." डोंबल होईल.

मंगळवारी सरांनी बोलावलं. सर म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख. वयाने माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, पण खुर्ची खुर्ची असते.

"किती झाले प्रयत्न?"

"सतरा."

"शुक्रवारी तो एकेचाळीसचा फ्रीजर रिकामा करायचाय. समुद्रवाल्या गटाला जागा हवी आहे."

"सर, एकदा रिंगण मिळालंय. फोटो आहे."

"एकदा तर माझेही केस दाट होते. त्याचाही फोटो आहे." मग जरा नरमले. "बाई, तुमच्या हाताइतका स्वच्छ हात अख्ख्या इमारतीत नाही. तुमच्याकडून होत नसेल तर ते नाहीच आहे, असं मी धरतो."

याला काय, कौतुक म्हणायचं? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण स्वच्छतेचं खरंय. पाठीमागे सगळे मला साबणबाई म्हणतात, तोंडावर फक्त दादा. माझ्या प्लेटवर परका ठिपका टिकला असं एकदाही झालेलं नाही. मी एकेक जात वेगळी करते, सात-सात वेळा, तिच्यासोबत दुसरं काही म्हणजे काही उरत नाही. नमुन्यांचंही तसंच. नियम सहा महिन्यांचा आहे. इतर लोक चालढकल करतात, मी मुदत भरली की त्याच दिवशी उरलेला नमुना वाफेत शिजवून नष्ट करते. दादाच्या मिठाचंही तेच केलं होतं.

जागेवर येऊन मी जुनी वही काढली. आशेने नव्हे, रागाने. पहिल्या रिंगणाचा तो फोटो शंभरदा पाहिला असेल. त्या दिवशी मी त्याच्याखालची ओळ वाचली. अक्षर माझंच, नेहमीसारखं वळणदार.

"रिंगण फक्त तिसऱ्या चकतीला. ही चकती गुलाबी ठिपक्याला लागून कापली होती. ठिपका भेसळ आहे. काढून टाकला."

मी स्टुलावर बसून ती ओळ पुन्हा वाचली.

एकेचाळीस एकटा कधीच विष बनवत नव्हता. शेजारी ती गुलाबी होती म्हणून बनवत होता. भांडायला कुणी असेल तरच हा हत्यार काढणार! आणि मी काय केलं होतं? शेजारीण उचलून फेकून दिली, याला एकट्याला चकचकीत प्लेटवर बसवलं, पोटभर खायला घातलं, आणि दोन वर्षं ओरडत राहिले की लढ म्हणून. कुणी धांदरटाने केलं असतं तर ठिपका राहून गेला असता आणि औषध हाती लागलं असतं. घोडं अडलं ते माझ्या स्वच्छ हातापाशी. मला इतका संताप आला की मी वही भिंतीवर फेकली. मग उठून उचललीही, कारण तिथे वही पडलेली मला बघवत नाही.

सरांनी फोटो नीट पाहिला. ओळ दोनदा वाचली. हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

"ती गुलाबी आहे कुठे?"

"नाही. नमुनाही नाही."

"खाणीतून परत आणा."

"पंप बंद केलेत, सर. खालचा बोगदा पाण्याखाली गेलाय."

"मग मी कशावर मुदत देऊ? शुक्रवारपर्यंत मूळ मीठ आणा, चिमूटभर का होईना. सहा महिने देतो. नाहीतर एकेचाळीसही जाईल."

बुधवारी दुपारी अर्धी रजा टाकून दादाकडे गेले. तो खिडकीशी खुर्चीत होता, पाय उशीवर. वहिनी बँडेजच्या पट्ट्या गुंडाळत होती.

"आज रविवार आहे का?" दादा म्हणाला.

"दादा, तो डबा कुठाय? मला मीठ दिलं होतंस तो?"

"आहे की." त्याचा चेहरा फुलला. "वहिनीला विचार. तू सांगितलं होतंस तसा आधी उकळत्या पाण्याने धुतला, मग साबणाने, मग परत उकळत्या पाण्याने. नवा दिसतोय. आता हिची बटणं ठेवतो त्यात."

वहिनीने डबा आणून दाखवला. खरंच लखलखत होता. तोंड दिसत होतं त्यात माझं. मला रडू फुटलं. चिडून रडू येतं ना, तसं. नाक पुसत मी सगळं सांगून टाकलं. ठिपका, शेजारीण, शुक्रवार, सगळं.

दादाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "साबणबाई, एक विचारू? खरं सांगशील?"

"काय?"

"समजा ती गुलाबी सापडली. त्यातून औषध झालं. ते माझ्या कामाचं आहे का?"

वहिनीचे हात थांबले. दोन वर्षं मी हा प्रश्न चुकवत आले होते.

"नाही, दादा. झालंच तर दहा-बारा वर्षं लागतील. तुला नाही पोचणार."

"हं. मग दर रविवारी 'होईल रे' कशाला म्हणायचीस?"

"तू विचारायचास म्हणून!"

"अगं, मी विचारायचो कारण तू तोंड पाडून यायचीस. म्हटलं, कामाचं विचारलं की जरा बोलशील. मला डॉक्टरांनी कधीच सांगितलंय." तो हसायला लागला, मग खोकला. "दोघंही मेले एकमेकांना खेळवत बसलोय."

त्याने काठीने कॉटखाली खुणावलं.

"वाक आणि काढ तो."

कॉटखाली त्याचा डावा बूट होता. खाणीतला, रबरी, गुडघ्यापर्यंतचा, पुढे पत्र्याने चेपलेला. उजवा तो अजून अंगणात वापरतो. डावा फेकून दे म्हणून मी आणि वहिनीने त्याची पाठ धरली होती. घरात घाण नको म्हणून मी तर एकदा पिशवीत भरून दारापर्यंत नेला होता. पाय गेला तो गेला, बूट तरी राहू दे, म्हणून त्याने तो परत घेतला होता.

मी तो उलटा केला. तळव्याच्या खाचांमध्ये करड्या मिठाचे खडे घट्ट बसले होते. एका खाचेत, अगदी आत, खडा फिकट गुलाबी होता.

"त्याच बोगद्यातला?" मी बूट खिडकीच्या उजेडात धरला.

"शेवटचे दोन महिने दुसरीकडे गेलोच कुठे मी?"

तो गुलाबी रंग तिचाच असेल असं नाही. मिठात आणखी दहा गुलाबी निघतात. पण मिठाचे जीव खड्यात वर्षानुवर्षं झोपून राहतात, आणि आमच्या मिठाळ प्लेटवर बाहेरची घाण तग धरत नाही. म्हणजे शक्यता होती.

"थांब, वरची धूळ पुसून देते," म्हणत वहिनी ओलं फडकं घेऊन आली.

"हात लावू नकोस!" मी अशी किंचाळले की वहिनीच्या हातातून फडकं पडलं. दादा पोट धरून हसला. साबणबाई घाणीसाठी भांडतेय, हे बघायला मिळालं म्हणे.

मी पिशवीत बूट ठेवत होते तेव्हा त्याचं हसू थांबलं होतं.

"माझा नाही तर नाही," तो म्हणाला, "कुणाचा तरी जावई घालव त्याने." मग, "बूट परत आणशील ना?"

नियमाप्रमाणे सहा महिन्यांनी उरलेला नमुना नष्ट करायचा असतो.

"आणते," मी म्हणाले.

गुरुवारी सकाळी पिशवीवर चिठ्ठी लावली. नमुना क्रमांक, तारीख, जागा. शेरा लिहायच्या रकान्यापाशी पेन अडलं. मावशी मागून वाचत होत्या. मग ठळक अक्षरात लिहिलं: डावा बूट. धुऊ नये. मालकाला परत द्यायचा आहे.