दोनदा गैरहजर

दवाखाना दुखण्याचा, आणि दुखणं फार वाढलं म्हणून जो येऊ शकला नाही त्याचंच नाव यादीतून कापायचं. हा नियम ज्या कुणी साहेबाने काढला, त्याची कंबर जन्मात कधी धरलेली नाही, हे त्याच्या तोंडावर सांगायला हवं. पण तो साहेब कोण, हेच कुणाला ठाऊक नाही. पत्राखाली सही नव्हती. नुसता ‘व्यवस्थापन’ असा शिक्का.

ते पत्र एफी मॅकआयझॅकच्या पर्समध्ये चौपदरी घडी करून ठेवलेलं होतं. एफी कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावरची, वय एकसष्ट. सव्वीस वर्षं मासळीच्या कारखान्यात टेबलाशी उभी राहून तिने कॉड कापला, त्यात कंबर गेली. दवाखान्याच्या यादीत एकोणीस महिने काढले. तपासणीची तारीख मिळाली, तर त्या पहिल्या तारखेला पलंगावरून उठताच आलं नाही. दुसऱ्या तारखेला गाडीपर्यंत पोचली, पण आत बसायला वाकता येईना. शेजारीण थेल्मा दार धरून उभी, आणि एफी बर्फात खुंटासारखी ताठ. दोनदा गैरहजर, नाव रद्द. पुन्हा शेपटापासून सुरुवात.

आणि महिन्याभरात त्याच दवाखान्याचा फोन. हॅलिफॅक्सला दुखण्यावर तीन दिवसांची मोठी परिषद आहे, शेवटच्या दुपारी रुग्णांच्या वतीने दहा मिनिटं बोलाल का? त्या सत्राचे अध्यक्ष दवाखान्याचे प्रमुख डॉक्टर क्रीझरच. एफीने ठरवलं, दहा मिनिटांत एकच मागायचं. माझं नाव होतं त्या जागी परत घाला.

थेल्माने व्हॅनच्या मागच्या सीटा काढून गादी टाकली आणि एफीला पोत्यासारखी आडवी घातली. वाटेत दर खड्ड्याला मागून शिवी यायची, त्यामुळे गाडी चालवताना डुलकी म्हणून लागली नाही, असं थेल्मा पुढे भेटेल त्याला सांगत होती.

परिषदेसाठी हॉटेलने सभागृहात लग्नातल्या सोनेरी खुर्च्या मांडल्या होत्या. बसायला पाटाएवढी जागा, पाठीला तीन दांड्या. पहिलं भाषण संपायच्या आत मागच्या भिंतीशी गर्दी झाली. दुखण्यावर जन्म घालवलेले विद्वान, सगळे कंबर धरून उभे. सॅस्काटूनच्या एक प्राध्यापक बाई तर खांबाला पाठ घासत होत्या. एफीला तिथे एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं.

उभं राहणं तिच्याइतकं तिथे कुणालाच येत नव्हतं. कारखान्यात बायका टेबलाखाली मासळीचं रिकामं खोकं ठेवत, एक पाय त्यावर, आणि घंटा झाली की पाय बदलायचा. तिने कोपऱ्यातलं पाण्याच्या बाटल्यांचं खोकं ओढलं आणि पाय ठेवला. प्राध्यापक बाईंनी बघून दुसरं ओढलं. पाच मिनिटांनी त्यांचा चेहरा सैल झाला. हे कुठे शिकलात, त्यांनी विचारलं.

“कॉडच्या टेबलाशी,” एफी म्हणाली. “डिग्री नाही देत, पण वास वर्षभर जात नाही.”

दुसऱ्या दिवशी हॉटेलात रिकामं खोकं उरलं नाही. मागची अख्खी भिंत एका पायावर, बगळ्यांच्या रांगेसारखी. थेल्मा ओटची बिस्किटं वाटत फिरत होती आणि दर वीस मिनिटांनी चमचा पेल्यावर वाजवत होती. चमचा वाजला की सगळे पाय बदलत. व्यासपीठावरचा वक्ता दचकायचा.

तिसऱ्या दुपारी दोन वाजले, पण अध्यक्षांची खुर्ची रिकामी. छापील नियम होता, की दहा मिनिटांत जो हजर नाही त्याचं सत्र रद्द. सत्र गेलं की एफीचं बोलणंही गेलं. ती भिंतीला धरत बाहेर आली. डॉक्टर क्रीझर दारासमोरच्या गालिच्यावर उताणे, पोटऱ्या सोनेरी खुर्चीवर. तीन दिवस पुढच्या रांगेत भिडेखातर बसून राहिले होते. आता उठता येत नव्हतं.

एफी वाकू शकत नव्हती, म्हणून वरूनच बोलली. “डॉक्टर, ही पहिली वेळ की दुसरी?”

“पहिली,” ते कण्हत म्हणाले.

“मग घाबरू नका. अजून एकदा चालेल तुम्हाला.”

तिने नाव सांगितलं. डॉक्टरांनी डोळे मिटले. नियम वरून आलाय, ते पुटपुटले. वर कोण, तिने विचारलं. ते त्यांनाही माहीत नव्हतं.

एफीने थेल्माला दाराची दोन्ही कवाडं उघडी ठेवायला सांगितलं, म्हणजे अध्यक्ष पडल्या पडल्या हजर धरले जातील. नियम पाळला गेला. मग व्यासपीठावर जाऊन तिने माइकसमोर खोकं ठेवलं, त्यावर पाय ठेवला आणि पत्र वाचलं. ‘दोनदा गैरहजर’ला सभागृह हसलं. ‘पुन्हा अर्ज करावा’ला कुणी हसलं नाही. भिंतीशी उभ्या लोकांनी तर पाय खाली घेतले.

“डॉक्टर क्रीझर,” ती उघड्या दाराकडे बघत म्हणाली, “तुम्ही आज का आला नाहीत, ते इथे सगळ्यांना कळलं. कुणी तुमचं नाव कापलं नाही. मी का आले नव्हते, तेही आता तुम्हाला कळलंय. वरचा माणूस सापडेल तेव्हा सापडेल. यादी तुमच्या हातात आहे. माझं नाव होतं तिथे परत घालता की नाही? पडूनच सांगा, पण मोठ्याने सांगा. आम्हाला उभं राहायची सवय आहे.”