शिंप्याच्या दुकानाचं सील

कर थकवला म्हणून वसुली साहेबांनी शिंप्याच्या दुकानाला सील ठोकलं.

"साहेब, आत गिऱ्हाइकांचे कपडे आहेत हो!" शिंपी काकुळतीला आला.

"त्यांना अर्ज करायला सांग, पंधरवड्यात बघू," हे तोंडपाठ उत्तर देऊन साहेब पाय ओढत घरी आले.

"लेकीचा कोट आणलात?" बायकोने दारातच विचारलं. "शिंप्याकडे टाकलाय ना? उद्या मुलाखत आहे तिची!"

साहेबांनी सील ठोकल्याचं आणि शिंप्याला दिलेलं अर्जाचं उत्तर सांगून टाकलं. आपल्याच हातचं सील लेकीसाठी तोडलं, तर उद्यापासून कुठल्या तोंडाने वसुली करायची?

"वा! घरावरच जप्ती आणलीत की!" बायकोने टोमणा मारला.

"बाबा, अर्ज करू?" लेक हसू दाबत म्हणाली.

साहेबांनी अंगातला कोट उतरवून तिच्यापुढे धरला. "बाह्या दुमडून घे."