बेलाला घातलेलं पाणी

चंद्रप्रभाबाईंनी टेबलाखालच्या बादलीवर वाकून पुन्हा एकदा वास घेतला. ब्लीचिंग पावडरचा वास येत नव्हता. बादली कोरडी ठणठणीत होती. वरच्या नळीतलं पाणी मात्र थेंबथेंब पडत होतं, तिच्याखाली सरकवून ठेवलेल्या एका पितळी तांब्यात.

तांब्या प्रयोगशाळेतला नव्हता.

नांदेडच्या एका दवाखान्यात बऱ्या न होणाऱ्या जखमांतून आणलेले जंतू त्या काचेच्या नळीत वाढत होते. सुटे असले की औषधाने मरत. पण काचेला चिकटून एकदा बुळबुळीत थर धरला, की तेच औषध त्यांच्यावरून नुसतं वाहून जाई. असं का होतं, हा बाईंच्या प्रबंधाचा विषय. थर जगायला जंतूंचं खाद्य मिसळलेलं पाणी सतत वाहतं हवं, आणि लातुरात पाण्याचाच दुष्काळ. जिल्हा नवा झाला होता, कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या होत्या, नळ तेवढे कोरडे होते. टँकरमधली रोजची एक घागर प्राचार्यांनी मोठ्या नाखुशीने या कामाला दिली होती. आता कुठे थर जमला होता. सोमवारी बाईंचे मार्गदर्शक रेणुकादास सर नांदेडहून तो बघायला येणार होते.

दारात चपला वाजल्या. प्रयोगशाळेची साफसफाई बघणारी शांतम्मा आत आली आणि तांब्याकडे बघून थबकली. कपाळावरची विभूती अजून ओली होती, गळ्यात इष्टलिंगाची डबी होती.

"शांतम्मा, या पाण्यात ब्लीचिंग घालून मगच ओतायचं, असं सांगितलं होतं ना?"

"घालत व्हते की, बाई. पण ब्लीचिंगनं झाड जळतंय."

"कुठलं झाड?"

शांतम्माने खिडकीकडे मान वळवली. आवारातल्या झाडांच्या काटक्या झाल्या होत्या. एकटा बेल हिरवागार होता. हल्ली प्राध्यापकसुद्धा जाता-येता त्याला हात जोडत.

"वायाच चाललं व्हतं. म्हादेवाच्या झाडाला घातलं तर कुणाचं काय गेलं? तुमी तर काचंला पाजून राहिलात."

"नुसतं झाडालाच घालता?"

"पानं बी त्याच्यातच धुते. लिंगाला वाहायची, मग जिभंवर ठिवायची. धूळ का कमी हाय पानावर?"

बाईंनी पदराला हात पुसले. हात कोरडेच होते.

"घसा दुखतो का? कुठे जखमबिखम?"

"मला काय हुतंय, बाई? बेलाचं पान हाय रोज पोटात."

बाई नळीकडे बघत उभ्या राहिल्या. ताकीद देऊन झाली होती. तिचा उपयोग समोर दिसत होता. त्यात जखमांतले जंतू आहेत हे खरं सांगितलं असतं, तर शांतम्माने त्या पाण्याला पुन्हा हात लावला नसता. पण मग आपण लिंगाला काय वाहत होतो, हेही तिला कळलं असतं. आणि ते लिंग तर तिच्या गळ्यात होतं, जन्मभरासाठी.

त्यांनी नळीचा चिमटा आवळला. थेंब थांबला.

"हे काय? सर येणार व्हते न्हवं?"

"झालं काम. तांब्या राहू द्या इथेच, उद्या देते."

शांतम्मा गेल्यावर बाईंनी तांब्या जंतू मारायच्या वाफेच्या बंद भांड्यात ठेवला आणि दाब चढेपर्यंत जवळ बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरच्या पिण्याच्या पाण्यातली कळशी आणली आणि तांब्या भरून बेलाच्या बुंध्याशी ठेवला.

"आता रोज यातच धुवा पानं."

"आगं बया," शांतम्मा म्हणाली. "देव मानत न्हाई म्हणत व्हता की."

बाईंनी उरलेली कळशी आळ्यात ओतली.

सोमवारी सरांनी वाळलेली नळी उजेडात धरून फिरवली. आत पांढरट पापुद्रा होता.

"पाणी तुटलं?"

"हो, सर."

"मग आता पाऊस पडल्यावरच. वर्ष गेलं तुमचं."

ते नांदेडच्या एसटीला निघून गेले. बाई कळशी घेऊन बेलाकडे आल्या. शांतम्मा एक फांदी वाकवून कोंब न्याहाळत होती.

"एक सांगू? राग नका मानू, बाई," ती म्हणाली. "तुमच्या पाण्यानं पैल्यासारखी पानं येईनात. त्या पाण्याला लई गुण व्हता."

"असेल," बाई म्हणाल्या, आणि कळशी वाकवली.