गसच्या पोटातली वाळू

मित्रांनो, मी एक जुना, जाडजूड, बिनचेहऱ्याचा गडी आहे. ताडपत्रीचे अंग, आत वाळू आणि चिंध्या, पाठीवर एक लांब चेन आणि पायात कुणीतरी टाकून दिलेले बूट. मला गस म्हणतात. मला हाडे नाहीत, पण वजन मात्र पुरते एका भरल्या अंगाच्या माणसाचे आहे. त्या वजनासाठीच मला केटल काउंटीच्या शेरीफने नोकरीवर ठेवले आहे.

माझे काम ऐकायला सोपे वाटेल. मी बेशुद्ध माणूस व्हायचे. ज्याला डेप्युटी, म्हणजे शेरीफच्या हाताखालचा पोलीस, व्हायचे आहे, त्याने मला जेलमागच्या खडीच्या आवारातून ओढत पार कुंपणापर्यंत न्यायचे. मध्ये थांबायचे नाही, मला खाली टाकायचे नाही. बस्स, एवढेच. फुटबॉल खेळणारी दांडगी पोरे माझ्यापायी खडीवर बसकण मारून रडकुंडीला आलेली मी पाहिली आहेत. पाहिली म्हणजे काय, मला डोळे नाहीत, पण तुम्ही समजून घ्या.

मला सार्जंट ओडेल ब्रन्स यांनी घडवले. धान्याच्या ट्रकवरची ताडपत्री त्यांनी मागून आणली, त्यांच्या बायकोने ती शिलाई मशीनवर शिवली आणि नदीची वाळू त्यांनी स्वतः चाळून माझ्यात भरली. नव्या लोकांना शिकवायचे काम त्यांच्याकडेच होते. पाऊस आला की ते आधी मला आत नेत आणि मग स्वतःचा कोट शोधत. मी कुजलो नाही तो त्यांच्यामुळे.

आमच्याकडे एक रीत आहे. जो पास होतो, त्याने मला स्वतः उचलून माझ्या खुर्चीत बसवायचे आणि माझ्या मांडीवर एक डोनट ठेवायचा. तो डोनट पुढे सार्जंटच खातात, पण मान माझा असतो.

मग दिवस फिरले. शेजारच्या शहराचे पोलीस खाते जास्त पगार देऊ लागले आणि आमची तयार झालेली माणसे एकेक करून तिकडे गेली. शिकवायचे आम्ही, वापरायचे त्यांनी. नवे कुणी अर्जच करीना. मी कोठाराच्या कोपऱ्यात पडून राहिलो आणि माझ्या डाव्या बुटात उंदरीण बाळंत झाली. माझे दुःख राहू द्या. नदीपलीकडच्या उत्तर भागाला तर एकही डेप्युटी उरला नव्हता. तिथले लोक फोन करत आणि वाट पाहत बसत. शेरीफ आर्लन ट्वाइट दिवसभर कचेरी सांभाळून स्वतःच तिकडे गाडी घेऊन जात. त्यांचे डोळे कायम लाल दिसत.

अशा वेळी रेनाटा कोल्ब माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ती जेलमध्ये पहारेकरी होती, चाळिशीला आलेली, बुटकी आणि तोंडाने फटकळ. तिचे माहेर नदीपलीकडचे आणि तिला तिथलीच डेप्युटी व्हायचे होते. कायद्याच्या परीक्षेत ती पहिली आली, गाडी चालवण्यात तिने तरण्यांना मागे टाकले, पण माझ्यापाशी येऊन अडली. अर्ध्या वाटेवर तिचे हात सुटले.

"पुढच्या महिन्यात परत ये," सार्जंट म्हणाले. "गस कुठे पळून जात नाही."

मित्रांनो, त्या दुसऱ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी शेरीफ एकटेच कोठारात आले. त्यांच्या हातात बादली होती. त्यांनी माझ्या पाठीवरची चेन उघडली.

"माफ कर, गस," ते पुटपुटले. "तुला थोडे दिवस उपाशी ठेवतोय. मला माणसं हवीत रे."

माझ्या पोटातली वाळू सरसर बादलीत पडली. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांच्या वाईटपणाची गोष्ट सांगायची असती तर मी ती पटकन सांगून टाकली असती. ते दमले होते आणि त्यांना उत्तरेकडच्या लोकांची काळजी होती. काळजीपोटीच त्यांनी माझे पोट रिकामे केले.

दुसऱ्या दिवशी रेनाटाने मला कुंपणापर्यंत नेले. भीतीच्या भरात तिला काही कळले नाही. टाळ्या झाल्या, शेरीफनी तिच्या हातात बिल्ला ठेवला आणि सार्जंटनी डोनटचा खोका उघडला. मग रीतीप्रमाणे ती मला खुर्चीत बसवायला वाकली, काखेत हात घालून तिने मला उचलले आणि तशीच थांबली. तिने मला परत खाली ठेवले. पुन्हा उचलले.

"शेरीफ," ती म्हणाली, "गस कधीपासून बारीक झाला?"

शेरीफ आपल्या बुटांकडे पाहू लागले.

"झिंगलेल्या गड्यांना उचलून कोठडीत निजवण्यात माझा जन्म गेलाय. हा गडी गेल्या महिन्यातला नाही."

"रेनाटा, ऐक माझं," शेरीफ म्हणाले. "तुला डोकं आहे, तुला लोकांशी बोलता येतं. नदीपलीकडे माझं एकही माणूस नाही. चार मुठी वाळूसाठी तुला घालवू?"

"आणि उद्या तिकडे कुणी खड्ड्यात उलटून पडला, तर त्याला काय सांगू? आधी जरा वाळू काढून ठेवा म्हणून?"

सार्जंट ब्रन्स यांचा चेहरा तांबडालाल झाला होता. "आर्लन, माझ्या गसला हात लावायच्या आधी मला विचारायचं होतं," एवढेच ते बोलले. शेरीफनी बादली कुठे लपवली ते सांगितले आणि सार्जंटनी ती आणून मला सगळ्यांसमोर भरले. रेनाटाने बिल्ला टेबलावर ठेवला. लगेच तिने मला पुन्हा ओढून पाहिले आणि अर्ध्या वाटेच्या थोडे पुढे गुडघ्यांवर बसली. ती रडली. मला हात असते तर मी तिच्या पाठीवर ठेवले असते.

तो हिवाळा माझ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा. जेलची पाळी संपली की रेनाटा रोज यायची आणि आम्ही दोघे बर्फ बाजूला सारलेल्या खडीवर निघायचो.

"हातांनी ओढू नकोस," सार्जंट ओरडायचे. "मागून मिठी मार. ढुंगण खाली घे. आता पायांनी चाल."

"या जाड्याला मिठी मारण्यापेक्षा नवऱ्याला मारली असती तर संसार तरी टिकला असता," ती धापा टाकत म्हणायची.

माझे ढुंगण खडीवर घासून फाटले, तेव्हा तिने जुन्या गणवेशाच्या पँटचे ठिगळ लावले. उत्तरेकडची फेरी मात्र त्या हिवाळाभर शेरीफच मारत राहिले. परत आले की माझ्या शेजारच्या बाकावर बसल्याबसल्या झोपत. त्यांनी तिला एकदाही घाई केली नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

बर्फ वितळता वितळता रेनाटाने मला कुंपणाला नेऊन टेकवले. या खेपेला डोनट शेरीफनी आणले.

मग शेतातले बीट काढायचे दिवस आले. नदीपलीकडच्या रस्त्यावर बीटने भरलेला एक ट्रक खड्ड्यात कलंडला आणि त्यातून धूर येऊ लागला. चालक लेरॉय स्टॅडमन आत बेशुद्ध होता. रेनाटा तिथे एकटी पोचली. बाकीचे सगळे नदीच्या अलीकडे होते.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. तिच्या भुवया जळल्या होत्या. ती माझ्या शेजारी खडीवर बसली.

"वाचला," मग ती म्हणाली. "तुझ्यापेक्षा जड होता, गस. पण थोडाच. तेवढं जमलं."

मी तेव्हा बादलीभर वाळूने हलकाच राहिलो असतो तर काय झाले असते, याचा हिशेब तिने केला नाही आणि मीही करत नाही. मी फक्त सार्जंटच्या बायकोच्या शिलाईचे आभार मानतो, सार्जंटच्या रागाचे मानतो, आणि त्या फटकळ बाईचे, जिने माझ्या वजनाचा मान राखला.

मित्रांनो, आता माझी शिवण उसवते, बूट तिसऱ्यांदा बदलले आहेत. मला पावसात ठेवू नका. उंदीर हाकला. फाटलो तर ठिगळ लावा, हवे तर मला हसा आणि माझे डोनटही खा. पण कितीही दमलात, कुणाची कितीही दया आली, तरी मला हलके करू नका.