पोटाचा विकार

घड्याळजींच्या घरात प्रत्येक आजाराला दोन नावं असायची. एक डॉक्टरांनी दिलेलं आणि एक चारचौघांत सांगायचं. चुलतभावाच्या दारूला घरात ‘यकृताची तक्रार’ म्हणत, काकूंच्या वेडाला ‘डोक्याला ऊन लागणं’. ते ऊन बावीस वर्षं उतरलं नाही, पण त्यावर चकार शब्द काढायची कुणाची टाप नव्हती.

घड्याळजींची बहीण एकेचाळिसाव्या वर्षी गेली, तेव्हा तिच्या वाट्याला ‘पोटाचा विकार’ आला. हे नाव खुद्द घड्याळजींनीच शोधलं. मागे दहा वर्षांची पोर होती. तिला अंडाशयाचा कर्करोग म्हणजे काय कळणार, आणि उद्या तिचं लग्न जमवताना लोकांना तर ते कळायलाच नको. हेतू चांगला होता, यात शंकाच नाही.

या गोष्टीला अठ्ठावीस वर्षं झाली. आज ते थोरल्या लेकीबरोबर रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर बसले होते. लेकीला तोच आजार होता. केमोचे तीन डोस झाले होते, डोक्याला रुमाल होता आणि तोंडाचा पट्टा मात्र पूर्वीसारखाच चालू होता. “बाबा, स्टुलावर नीट बसा. पडलात तर दोघांचं कोण करणार?”

समुपदेशक बाईंनी रक्ताच्या तपासणीचा कागद समोर ठेवला. शरीरातल्या पेशींची मोडतोड दुरुस्त करणारं एक जनुक असतं, ते लेकीत जन्मापासूनच बिघडलेलं निघालं होतं.

“आईकडे कुणाला हा आजार होता?” बाईंनी विचारलं.

“आईकडचे सगळे नव्वदी ओलांडणारे,” लेक म्हणाली. “एक मामा तर अजून सायकलवरून हिंडतो आणि ओरडा खातो.”

“मग वडिलांकडे बघावं लागेल. हे वडिलांकडूनही येतं.”

घड्याळजी दचकले. बायकांचा आजार पुरुषाच्या अंगातून येईल, हे त्यांच्या कधी स्वप्नातही आलं नव्हतं. बाई पहिल्या भेटीत भरलेला अर्ज चाळत होत्या. “आत्या, पोटाचा विकार. काका, नेमका कसला विकार होता हो?”

हा अर्ज लेकीनं भरला होता. ती लिहीत असताना ते शेजारीच बसले होते आणि गप्प राहिले होते.

“हाच,” ते म्हणाले. “हाच होता.”

लेकीनं त्यांच्याकडे पाहिलं.

“माझ्यामुळे झालं हे सगळं,” घड्याळजी पुटपुटले. “मीच दिलं हिला.”

“असं कुणी ठरवून देत नाही,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “आणि यात एक दिलासाही आहे. हे जनुक बिघडलेलं असलं की गाठीतल्या पेशींनाही आपली दुरुस्ती जमत नाही. औषधानं मोडल्या की बऱ्याचदा मोडूनच पडतात. म्हणून अशा बायकांना केमो सहसा जास्त चांगली लागू पडते, पुढे गोळ्याही उपयोगी पडतात. पहिली काही वर्षं तरी त्यांची तब्येत इतरांपेक्षा बरी राहते, असं दिसतं. कायमची हमी मात्र मी देणार नाही.”

घड्याळजींचे डोळे भरून आले. बाईंनी कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला, पण तो लेकीनं मध्येच अडवला.

“रडायचं नंतर,” ती म्हणाली. तिला राग आला होता आणि तो तिनं लपवला नाही. “माझं काय ते कळलं, औषध चालू आहे, माझं मी बघते. आत्याच्या पोरीचं काय? तिला अजून खोटंच माहीत आहे ना? करा फोन. आत्ता, माझ्यासमोर.”

भाचीनं फोन लगेच उचलला. मामाचा फोन कधी भरदुपारी येत नसे.

“मामा? ताईला बरं आहे ना?”

“ती बरी आहे. हे बघ, तुझी आई गेली ना, ती कर्करोगानं गेली. अंडाशयाच्या. मीच तुला खोटं सांगितलं होतं. ताईला तोच झालाय आणि तो रक्तातून येतो म्हणतात. तूही तपासून घे, पोरी.”



“मामा,” भाची म्हणाली, “चार महिने झाले, माझं पोट फुगतंय. डॉक्टरांनी विचारलं होतं, आई कशानं गेली. तुम्ही सांगितलं होतं तेच मी सांगितलं. त्यांनी गॅसच्या गोळ्या दिल्यात. रोज घेतेय.”

लेकीनं घड्याळजींच्या हातातून फोन घेतला आणि आतेबहिणीला रुग्णालयाचा पत्ता सांगायला लागली.