मशीन वाढवा

बर्फाच्या कारखान्यात मालकीणबाईंसमोर 'बंद' हा शब्द कुणी उच्चारत नसे. दार लोटायचं, नळ आवळायचा, दिवा मालवायचा आणि शनिवारी संध्याकाळी, रविवारच्या सुट्टीसाठी, मशीन वाढवायचं. जुने दुकानदार दुकान वाढवतात तसंच हे. फक्त इथे त्या शब्दामागे राग होता. वाटणी झाली त्या दिवशी धाकटे दीर दारात उभे राहून म्हणाले होते, "वहिनी, हा कारखाना बंद पडेल तेव्हाच मी तुमच्या घरी जेवायला येईन." ते पुन्हा आले नाहीत. सख्खा भाऊ, म्हणजे बाईंचा नवरा, गेला तेव्हाही नाही. बाईंनी मग तो शब्दच उंबऱ्याबाहेर ठेवला.

आणि आता विजेचा खर्च कमी करून द्यायला वीज कंपनीने जो साहेब पाठवला, तो त्याच दिरांचा मुलगा निघाला.

पहिल्या दिवशी तो "काकू" म्हणून आत आला. बाईंनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं, की इथे काकू कुणी नाही, आपण साहेब, मी मालकीण. त्याने मान डोलावली. त्या दिवसापासून तो त्यांना मॅडम म्हणू लागला, आणि ते 'मॅडम' असं काही म्हणायचा की त्यापेक्षा शिवी बरी.

योजना साधी होती. वीज खाणारं जुनं यंत्र काढायचं, नवं बसवायचं. पहिल्या महिन्यात ठरलेली बचत मीटरवर दिसली, तर नव्या यंत्राचा अर्धा खर्च कंपनी सोसणार. नाही दिसली तर सगळा बोजा मालकावर. तो बोजा पेलायची बाईंची ताकद नव्हती. विजेच्या बिलाने कारखाना आधीच पोखरून ठेवला होता. बचत दिसली नाही तर कारखाना विकायचा, हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते त्या बाप-लेकांनाही ठाऊक असणार याची तर त्यांना खात्रीच होती.

जुनं यंत्र सुटं करून बाहेर नेलं, तेव्हा ते सांभाळणाऱ्या मिस्त्रींनी डोक्यावरची टोपी काढली. त्यांचं आयुष्य त्या यंत्राच्या खोकल्याच्या आवाजात गेलं होतं. नव्याला कामगारांनी सूनबाई नाव ठेवलं. कमी खाते, आवाज करत नाही, किती दिवस अशी राहते बघू, असं ते म्हणायचे. जुनं एकतर चालायचं, नाहीतर थांबायचं. सूनबाई गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करायची. मोजणीच्या महिन्यात तिला हात लावायची परवानगी फक्त साहेबाला होती. बटणांच्या पेटीला त्याचं कुलूप होतं आणि तो घरबसल्या मोबाइलवरून तिला हुकूम सोडायचा.

"म्हणजे किल्ली शेवटी त्यांच्याच घरात गेली," बाई मिस्त्रींना म्हणाल्या.

मोजणीतल्या पहिल्या शनिवारी शेवटच्या लाद्या गाडीवर चढल्या. बाईंनी साहेबाला फोन लावला. दोघेही एकमेकांशी जेवढ्यास तेवढंच बोलत. "मशीन वाढवा," त्या म्हणाल्या. "ठीक आहे, मॅडम," तो म्हणाला आणि दोन्हीकडून फोन ठेवले गेले. त्याला वाटलं, मोठी मागणी आली असेल. कसली, हे विचारलं तर चार टोमणे ऐकावे लागले असते, म्हणून विचारलं नाही. आणि बाईंना मागे थांबून आवाज ऐकायची गरज वाटली नाही, कारण सूनबाईचा आवाज तसाही येत नसे.

सोमवारी सकाळी मिस्त्रींनी टाकीवरची फळी उचलली आणि हात मागे घेतला. डब्यांभोवतीचं, बर्फ गोठवणारं मिठाचं पाणी कधी नव्हतं एवढं गार झालं होतं. बर्फाचे डबे वर ओढले, लादी सुटावी म्हणून नेहमीच्या पाण्यात बुडवले, आणि एकेक लादी काचेसारखी तडकत गेली. मासळीवाले तुकडे बघून परत फिरले. मीटरचा आकडा बघायला मात्र कुणालाच धीर झाला नाही. साहेब येईपर्यंत तो तसाच राहिला.

साहेबाने तो बघितला आणि कागदावर न लिहिताच पेन खिशात ठेवलं. सुट्टीच्या दिवशी सूनबाई पूर्ण ताकदीने पळाली होती.

बाई टेबलामागून उठल्याही नाहीत. "आपल्या वडिलांना कळवा," त्या म्हणाल्या, "ताट मांडून ठेवते."

त्याचा चेहरा लाल झाला. त्याने आवाज चढवला नाही, पण शब्द चावून बोलला. तुम्हीच सांगितलंत, तुम्हीच करवलंत आणि आता माझ्या बापाला मध्ये आणता. बचत झाली नाही तर खापर माझ्या डोक्यावर फुटावं, हाच तुमचा डाव होता.

"मी काय सांगितलं?"

"मशीन वाढवा."

"मग का नाही वाढवलंत?"

"वाढवलंच की. शेवटपर्यंत वाढवलं."

मिस्त्रींना हसू फुटलं. बाईंनी बघितलं तसं ते खोकल्यात बुडवावं लागलं. मग त्यांनीच साहेबाला समजावलं, की इथे वाढवणं म्हणजे थांबवणं. साहेब म्हणाला, दुकान वाढवतात हे मलाही कळतं, पण ज्या यंत्राला वेगच वाढवता येतो त्याला वाढवा म्हटल्यावर माणसाने काय समजायचं? आमच्या घरी सरळ बंद म्हणतात.

"म्हणत असतील," बाई म्हणाल्या. "तुमच्या घरी त्या शब्दाचीच कमाई आहे."

त्याने खिशातलं पेन पुन्हा बाहेर काढलं. मग त्याने सांगितलं, की चूक कंपनीच्या माणसाची असेल, तर मोजणी एकदा नव्याने सुरू करता येते. तो चूक स्वतःच्या नावावर घेईल. वरिष्ठ त्याला सोलून काढतील, ते तो बघेल. पण यापुढे दर शनिवारी मॅडमनी फोनवर तो शब्द स्पष्ट म्हणायचा. नाही म्हटला तर तो मोबाइलला बोट लावणार नाही.

"उपकार करताय?"

"नाही. माझं नाव खराब होतंय म्हणून करतोय."

"माझ्या तोंडून तो शब्द येणार नाही."

"मग कारखाना बंद पडेल," तो म्हणाला.

बोलून गेल्यावर त्याला मिस्त्रींचा चेहरा दिसला. काय झालं ते त्याला कळलं नाही, पण काहीतरी झालं हे कळलं. बाईंनी दाराकडे बोट दाखवलं. "तिथेच उभे होते," त्या म्हणाल्या. "अगदी तिथेच." तो त्याच दारातून बाहेर पडला.

मोजणी नव्याने सुरू झाली. त्याला कचेरीत काय काय ऐकावं लागलं, हे त्याने सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही. आठवडाभर आकडे चांगले आले. मग शनिवार आला.

लाद्या गेल्या. कामगार गेले. मिस्त्री टाकीत हात घालून बघत होते आणि दर वेळी मान हलवत होते. मिठाचं पाणी गार होत चाललं होतं. बाईंनी फोन लावला आणि म्हणाल्या, "काम संपलं."

"बरं, मॅडम. मग काय करू?"

"ते तुम्हाला माहीत आहे."

"मला नीट सांगितल्याशिवाय कळत नाही, हे आपण मागेच बघितलं. एकच शब्द आहे, मॅडम. सगळं जग म्हणतं. आमचे बाबा तर दिवसातून शंभर वेळा—"

"तोंड बंद कर," बाई म्हणाल्या.

टाकीवरचे मिस्त्री ताठ झाले. इतक्या दिवसांत बाईंनी साहेबाला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं होतं.

पलीकडून तो म्हणाला, "आणि मशीनला काय सांगू, काकू?"

"तिलाही तेच सांग."

त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. भिंतीपलीकडची, कान दिला तरच कळणारी बारीक घरघर थोडी थोडी उतरत गेली आणि टाकीतलं पाणी हलायचं थांबलं.

मिस्त्रींनी हात पुसले. "वाढवलं का?"

"वाढवलं," बाई म्हणाल्या. "दार लोटा आणि चला."