एकोणीस नंबरचं कापड

अँब्रोझ टकवेल मांड्यांपर्यंत रुतला, तेव्हा काठावरची पोरं आधी खदखदून हसली आणि मग एकेक करून गप्प झाली. बहात्तर वर्षांचा गडी, शाळेचा माळी आणि शिपाई मिळून एकच माणूस. छातीवर पोरीच्या मापाचं पिवळं कापड, त्यावर एकोणीस हा आकडा. आणि ज्या चिखलात अडकला, तो त्यानेच कालवलेला.

थॉर्नमूरच्या शाळेच्या चिखलशर्यतीत टायरांतून रांगायचं असतं, जाळ्याखालून सरपटायचं असतं, ओंडके ओलांडायचे असतात. पण हे सगळं तोंडी लावायला. खरं जेवण म्हणजे शेवटचा खड्डा. एकतीस वर्षं तो अँब्रोझच खणत आला होता. नदीचा गाळ, ओढ्याची निळी चिकणमाती, आणि वर आणखी काय घालायचा ते त्याने बायकोलाही तिच्या मरणापर्यंत सांगितलं नाही. एकदा म्हणे त्या खड्ड्यात ट्रॅक्टर गेला आणि पुढच्या उन्हाळ्यात भोंगा वाजवत वर आला. ट्रॅक्टर खोटा धरला तरी बूट खरे. दरसाल वीस-पंचवीस बूट खड्डा गिळी. दुसऱ्या दिवशी अँब्रोझ ते उपसून, धुऊन शाळेच्या भिंतीवर ओळीने मांडी, आणि ज्याचा त्याने मान खाली घालून न्यावा. त्याचा स्वतःचा बूट मात्र चिखलाला कधी मिळाला नव्हता. ही बढाई ऐकून ऐकून गुत्त्यातलं कुत्रंसुद्धा उठून बाहेर जाई.

नियमही त्याचेच. आत उतरलेल्याला हात द्यायचा नाही. आणि शेवटच्या वर्गातल्या ज्याच्या छातीवरचं नंबराचं कापड चिखलाने माखून पल्याड जाईल, त्याचंच नाव सभागृहातल्या लाकडी फळ्यावर रंगवायचं. कोरडं कापड चालत नाही. मुख्याध्यापिका पेथिकबाई प्रत्येक कापड हाताने चाचपून बघत.

यंदा त्याच्या नातीची, टॅम्सिनची पाळी होती. जानेवारीत इस्पितळाच्या खाटेवरून ती म्हणाली होती, "आजोबा, यंदा खोल खणा. गेल्या साली पोरं चालत गेली. तुमचा चिखल म्हातारा झालाय."

मार्चमध्ये ती गेली. एप्रिलमध्ये त्याने खड्डा हातभर अधिक खोल खणला. शब्द दिला होता.

नाव आम्ही तसंच रंगवतो, कोणी काही म्हणणार नाही, असं पेथिकबाईंनी आपणहून सांगून पाहिलं. "फुकटचं नाव? ती वरून थुंकेल माझ्यावर," अँब्रोझ म्हणाला. मग बाईंनी कपाटातून टॅम्सिनच्या नावचा एकोणीस नंबर काढून त्याच्या हातात ठेवला. त्याची लेक हेस्टर, टॅम्सिनची आई, मात्र ऐकून चवताळली. पोरीला पुरल्यापासून ती घराबाहेर पडली नव्हती.

"ती मेलीय, बाबा. तिला कुठला फळा वाचायचाय," एवढं बोलून तिने दार लावून घेतलं होतं.

आता सगळी पोरं पार झाली होती आणि खड्ड्यात एकटा म्हातारा उरला होता. जोरी खाटीक दोर घेऊन आला. "पुरे झालं, अँब्रोझकाका. नियम तुमचाच, तुम्हीच मोडा."

"दोर खाली ठेव. तुझी गाय नाही अडकलेली."

रुतलात तर उभे राहू नका, आडवे व्हा, बुटांचा लोभ सोडा, हे तो पोरांना दरसाल शिकवी. स्वतः करायला त्याला पाव तास लागला. आधी डावा बूट सोडला, मग उजवा. चिखलाने ढेकर दिल्यासारखा आवाज केला. कोणी हसलं नाही. म्हातारा पोटावर पडला आणि कोपरांनी अंग ओढू लागला. दोनदा त्याचं तोंड आत गेलं. दुसऱ्यांदा ते इतका वेळ वर येईना, की जोरीने दोर पुन्हा उचलला.

तो चुन्याच्या रेघेपलीकडे जाऊन पडला, तेव्हा पेथिकबाईंनी वाकून कापड चाचपलं. हाताला आलेला चिखल त्यांनी पुसला नाही. नुसती होकाराची मान डोलावली.

शर्यतीनंतर ज्याला त्याला घरच्यांनी पाण्याच्या नळीखाली धुवायचं, ही तिथली रीत. ज्याचं कोणी आलेलं नसे, त्याला अँब्रोझ धुई. आज तो अनवाणी रांगेच्या शेवटी उभा राहिला. पाळी आल्यावर नळीला हात घालायला गेला, तर ती आधीच कोणीतरी उचललेली. हेस्टर कधी आली होती, कोणास ठाऊक. पायात घरातल्या सपाता होत्या, आणि त्या चिंब झाल्या होत्या.

"पाणी गार आहे," ती म्हणाली.

"दरवर्षी असतं."

तिने त्याचं डोकं धुतलं, कान धुतले, मानेच्या वळ्या धुतल्या. धार छातीशी आली, तेव्हा तिने मोकळा तळहात त्या कापडावर घट्ट दाबून धरला, आणि पाणी बाजूने वळवून त्याच्या पायांवर सोडलं.